कोमट बाटली

मोकल सरांबद्दल कुणी भरल्या गळ्याने बोलायला लागलं की खुशाल समजावं, हा माणूस त्यांच्या हाताखाली कधी शिकलेला नाही. जे शिकले ते आधी एक शिवी हासडतात आणि मग पुढचं बोलतात. मीही त्यातलीच. पेणच्या कॉलेजात दोन वर्षं आणि रोह्याच्या एका कारखान्यात पाच वर्षं मी त्यांच्या तोंडाचा पट्टा सोसला. आता सत्तरीला टेकले, पण आजही कुणी माझ्यासमोर एखादा आकडा टाकला की पहिला प्रश्न त्यांचाच येतो, "कुणी बघितला?"

सर म्हणायचं एवढंच. कॉलेजच्या कागदावर ते डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर जे खोटं लिहावं ते प्रयोगशाळेत खरं करून दाखवणारा माणूस. बुटके, अंगाने चिवट, घर खाडीकाठच्या मिठागरातलं. लहानपणी मिठात उभं राहून टाचांना पडलेल्या भेगा शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. मनगटावरचं घड्याळ तळव्याच्या बाजूला फिरवलेलं असायचं, म्हणजे ब्युरेटची, थेंब मोजून सोडायच्या त्या उभ्या काचेच्या नळीची, तोटी धरल्या हातावरच वेळ दिसावी. ब्युरेटवर असताना त्यांच्याशी कुणी बोललं की दुसऱ्या हाताचं बोट वर जायचं. ते बोट खाली येईपर्यंत प्रिन्सिपॉलनेही थांबायचं, आणि एकदा प्रिन्सिपॉल थांबलेही होते, शिपायासारखे, दारात.

आमच्या कॉलेजात रंग मोजायचं एक यंत्र होतं. कुठल्याशा अनुदानातून आलेलं. विभागप्रमुखांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं, वर मखमली कापड. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. वर्षभरात त्याचा तेवढाच उपयोग. अभिक्रियेचा वेग कसा मोजावा हे शिकवताना विभागप्रमुख त्या कपाटाकडे हात करून म्हणायचे, "आधुनिक पद्धतीने." मग आम्ही "आधुनिक पद्धतीने" असं वहीत उतरवून घ्यायचो. मोकल सर मागे काचा पुसत उभे असायचे. तास संपला की ते म्हणायचे, "झाली पूजा? आता या इकडं."

त्यांची सगळी विद्या एका प्रश्नात मावायची. "काय बदलतंय ते आधी सांग. मग भांडं माग." आम्हाला वाटायचं, वेग मोजायचा म्हणजे काहीतरी मोठं यंत्र लागतं. ते शिंपल्यांचा चुरा अॅसिडमध्ये टाकायचे आणि कंबरेवर हात ठेवून विचारायचे. वायू सुटतो? मग वायू मोज. पाण्यावर गोळा करशील? हा वायू पाण्यात विरतो, अर्धा तुझ्या डोळ्यांदेखत चोरीला जाईल. मग? मग फ्लास्कच तराजूवर ठेव, तोंडाला कापसाचा बोळा लाव म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत, आणि वजन किती उतरतंय ते बघत बस. रंग जातोय? रंग बघ. गढूळ होतंय? खाली फुली काढ आणि ती दिसेनाशी व्हायला किती वेळ लागतो ते बघ. काहीच दिसत नाही? मग थोडं बाहेर काढ, तिथल्या तिथं बर्फात घालून थांबव आणि काय उरलं ते मोज. "थांबव" या शब्दावर ते टेबलावर हात आपटायचे. "बाहेर काढलं म्हणजे थांबलं असं नाय. त्याला काय ठाऊक तू त्याला बाहेर काढलंस ते?"

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं, लाल शाईने. पुढे काय झालं ते सांगताना हे विसरू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

फुलीच्या प्रयोगात त्यांनी आमच्या अख्ख्या वर्गाची अब्रू घालवली. हायपोच्या द्रावणात अॅसिड ओतायचं, गंधक सुटून द्रावण दुधाळ होतं, आणि फ्लास्कखालच्या कागदावरची फुली वरून दिसेनाशी झाली की घड्याळ बघायचं. पोराटोरांचा प्रयोग. पण पेणमध्ये जर्नल हा वंशपरंपरेचा ऐवज होता. थोरल्या भावाचं धाकट्याला, धाकट्याचं मावसबहिणीला. रीडिंग घ्यायची गरजच नसायची, नुसती उतरवायची. त्या वर्षी कसल्याशा गोंधळाने आमची प्रॅक्टिकल मे महिन्यात आली. आम्ही इमानेइतबारे जुन्या जर्नलातले आकडे उतरवले. सरांनी पहिलं जर्नल उघडलं, आकडा बघितला, खिडकीतून बाहेरचं ऊन बघितलं आणि पुन्हा आकडा बघितला.

"ही रीडिंग थंडीतली हायत," ते म्हणाले. "उन्हाळ्यात ही फुली याच्या अर्ध्या वेळात जाते. तू काय स्वेटर घालून प्रयोग केलास?"

मग त्यांनी तेहतीस जर्नलं उघडली आणि तेहतीस जर्नलांत हिवाळा निघाला. त्यांनी ती एकेक करून खिडकीबाहेर भिरकावली. खाली नळ होता. आम्ही ओल्या जर्नलांचे गठ्ठे उचलून आणले आणि मे महिन्यातल्या घामात पहिल्यापासून सगळं केलं. माझ्या जोडीदारणीने आणि मी आलटून पालटून फुली बघितली, तर तेही पकडलं. "दोघींचे डोळे एक हायत काय? एकीनं बघायचं, दुसरीनं लिवायचं. शेवटपर्यंत." असा मायाळू माणूस.

आता जोह्याचं. जोहे म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव, घराघरात साचे. तिथला गजाभाऊ नावाचा मूर्तिकार एकदा कॉलेजात आला. त्याचं म्हणणं असं की नव्या गोणीतलं प्लास्टर कधी झटकन बसतं, कधी बसतच नाही, साचा उघडला की गणपतीचं नाक साच्यात. विभागप्रमुखांनी त्याला अर्धा तास संतृप्तता समजावली आणि चहा न देता वाटेला लावलं. मोकल सर जिन्यात त्याला गाठून म्हणाले, "येतो मी." आणि रविवारी आम्हा चौघांना एसटीत घालून जोह्याला घेऊन गेले, तिकिटं आमची आम्हीच काढायची.

सरांनी त्याला विचारलं, "साचा कवा उघडायचा ते तुला कसा कळतं?"

गजाभाऊ लाजला. "आमचं काय सर, अडाण्याचं. साच्यावर उलटा हात ठेवायचा. आधी गार लागतो, मग तापतो, मग निवायला लागतो. निवायला लागला का उघडायचा."

मोकल सर कुणाची स्तुती करायचे नाहीत. त्यांनी फक्त आमच्याकडे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात विभागप्रमुख, कपाटातलं यंत्र आणि आम्ही चौघंही आलो. "आत काय चाललंय ते तो उष्णता मोजून सांगतोय. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, तुमच्यापैकी कुणी हे सांगितलं असतं?" मग त्यांनी प्रत्येकाचा हात धरून साच्यावर ठेवला. माझा हात ठेवल्यावर विचारलं, "कसा लागतंय गो?" मी म्हटलं, कोमट. "म्हंजे आत अजून चाललंय. ध्यानात ठेव. हाताला कोमट लागलं, म्हंजे आत चाललंय." पुढे दिवसभर त्यांनी प्लास्टरमध्ये थर्मामीटर खुपसून प्रत्येक गोणीची वेळ खडूने भिंतीवर लिहिली. कुठली गोणी दमट, कुठली बरी, ते सगळं त्या भिंतीवर निघालं. गजाभाऊने ती भिंत कित्येक वर्षं रंगवली नाही.

कॉलेजने त्यांना शेवटपर्यंत लेक्चरर केलं नाही. त्याला लागते ती पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याबद्दल काय वाटतं हे ते लपवत नव्हते. रोह्याकडे केमिकलचे कारखाने उभे राहिले तेव्हा ते तिकडे लॅबचे प्रमुख होऊन गेले. तीन वर्षांनी मीही त्याच लॅबमध्ये अॅनालिस्ट म्हणून लागले. पेणहून पहाटेची एसटी, वडखळ, नागोठणे, रोहा. सर पुढच्या सीटवर. हाताखाली सात वर्षं काढली, पण एसटीत कधी "बस" म्हणाले नाहीत.

कारखान्यात एक रिअॅक्टर असा होता की त्यात एक द्रव भरून ठेवायचा, बाहेरून मिठाचं गार पाणी फिरवून तो थंड ठेवायचा आणि वरून दुसरा द्रव बारीक धारेने सोडायचा. धार जेवढी पडते तेवढी आतल्या आत खपली पाहिजे. खपली नाही तर ती साचत जाते, आणि साचलेलं एकदम उसळलं की मग देवच आठवावा. म्हणून तासातासाला बाटलीत नमुना काढायचा, लॅबमध्ये आणायचा आणि वरून सोडलेल्यातलं न खपलेलं किती उरलंय ते मी ब्युरेटने मोजायचं. न खपलेलं कधी सापडायचंच नाही. मी रजिस्टरात "निल" लिहायची, आणि शेजारी सर सही करायचे.

आता इथे सरांची एक खोड आड आली. एकेक बाटली घेऊन माणूस दारात उभा राहिला की त्यांचं बोट वर जायचं, माणूस थांबायचा, पुन्हा दुसरा यायचा. वैतागून त्यांनी सुताराकडून चार भोकांची एक लाकडी ट्रे करून घेतली. "चारी भोकं भरली का आणा. तवर लॅबची पायरी चढू नका." चार प्लांटचे चार नमुने. ट्रे प्लांटच्या दाराशी असायची, उन्हात, आणि चौथं भोक भरायला कधी दहा मिनिटं लागायची, कधी पाऊण तास. सगळ्या कारखान्यात ही शिस्त वाखाणली गेली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती ट्रे दाखवायचे.

त्या रिअॅक्टरवर हिराजी ठाकूर नावाचा ऑपरेटर होता. सरांच्याच खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, शांत माणूस, आठ वर्षांची नोकरी. उन्हाळ्यात त्याची एक बॅच काळी पडली. मग दुसरी. तिसरी उसळून वर आली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो इस्पितळातून पट्टी बांधून आला तर दारातच नोटीस. धार जास्त सोडली, कामात हयगय केली, नोकरीवरून का काढू नये. आणि पुरावा काय, तर आमचं रजिस्टर. अकरा वाजता लॅब म्हणते निल, आत काही साचलेलं नाही. साडेअकराला उसळलं. म्हणजे मधल्या अर्ध्या तासात हिराजीनेच तोटी उघडली. प्रॉडक्शन मॅनेजर पुण्याकडचे, अगदी स्वच्छ बोलणारे. "आकडे खोटं बोलत नाहीत," ते म्हणाले. मला तेव्हा ते पटलंही होतं, आकडे माझेच होते.

हिराजी लॅबमध्ये आला. सर ब्युरेटवर होते. बोट वर गेलं. तो भाजलेला हात छातीशी धरून थांबला. बोट खाली आल्यावर म्हणाला, "सर, मी धार वाढवली नाय. आईच्यान."

"शपथ घालू नको. शपथेचं रीडिंग निघत नाय."

"मग तुमचा रीडिंग काय म्हनतं? त्या बाटलीत काय नसंल सर, पन माझ्या टाकीत व्हतं. मला दिसत व्हतं. काटा चढत व्हता."

दुसरा कुणी असता तर सरांनी त्याला सोलला असता. पण रजिस्टर उघडून त्यांनी पानामागून पान बघितलं. निल, निल, निल. सगळीकडे माझं अक्षर, सगळीकडे त्यांची सही. मग त्यांनी तेच केलं जे तेहतीस जर्नलांच्या वेळी केलं होतं. खिडकीबाहेर बघितलं. बाहेर प्लांटच्या दाराशी ऊन होतं आणि उन्हात ट्रे होती, तीन भोकं भरलेली.

"गो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाटली हाताला कशी लागायची?"

मला कळायच्या आधी माझ्या तोंडून गेलं, "कोमट."

"आणि रिअॅक्टर?"

"गार."

त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. सात वर्षांत तो एकच दिवस असा. मला वाटलं, बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोह्याच्या बाजारातून मासळीवाल्याकडचा बर्फ गोणपाटात बांधून घेऊन आले. रिअॅक्टरपाशी उभे राहून स्वतः दोन नमुने काढले, एकाच क्षणी. एक तिथल्या तिथं बर्फात थांबवला. दुसरा त्या ट्रेत ठेवला आणि चौथं भोक भरेपर्यंत वाट बघितली. मग दोन्ही माझ्यापुढे ठेवले. ट्रेतल्या नमुन्यात निल. बर्फातल्या नमुन्याला ब्युरेट अर्धी खाली आली तरी रंग फिरेना, म्हणजे न खपलेलं भरपूर. जे रिअॅक्टरच्या गारठ्यात खपत नव्हतं, साचत होतं, ते आमच्या बाटलीत उन्हाची ऊब लागून वाटेतच खपून जात होतं. आम्ही रिअॅक्टर मोजत नव्हतो. आम्ही ट्रे मोजत होतो.

मॅनेजरांनी ते बघितलं आणि तासाभराने सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी रजिस्टर घेऊन बरोबर होते. "मोकल, पद्धत बदला. ट्रे बंद करा, बर्फ ठेवा. पण गुपचूप. फाइल आहे तशी राहू दे. कुणीतरी जबाबदार दाखवावंच लागतं, आणि एका ऑपरेटरसाठी लॅबवरचा विश्वास घालवायचा का?"

"नायला नाय," सर म्हणाले. तिथेच उभ्याने कागद मागून घेतला आणि लिहिलं. नमुना घेण्याची पद्धत सदोष. पद्धत माझी. ऑपरेटरचा दोष नाही. खाली सही.

कंपनीला ते झोंबणारच होतं. चौकशी झाली, मुंबईहून दोन साहेब आले. एकाने कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "या बाई रोज बाटली हातात घेत होत्या ना? रिअॅक्टर गार असताना बाटली गरम लागते हे यांच्या लक्षात आलं नाही?" घरी वडील अंथरुणाला, घरात कमावती मी एकटी. हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. पण माझ्यापुढे ती तेहतीस ओली जर्नलं उभी राहिली. एका उसन्या आकड्यासाठी ज्याने अख्खा वर्ग उन्हात उभा केला, तो माझ्यासाठी काय सोडणार?

"बाटली गारच असायची," मोकल सर म्हणाले.

"तुम्ही बघितलं?"

"मी हात लावून बघितलंय. रोज. गार."

बर्फ आणला त्या दिवसाआधी त्यांनी त्या बाटलीला कधी हात लावला नव्हता. त्या माणसाने दिलेलं मला ठाऊक असलेलं हे एकच खोटं रीडिंग. आणि मी, त्यांची शिष्या, मान खाली घालून बसून राहिले. "कोमट होती" हे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. शिकवताना त्यांना किती माणसं तुच्छ वाटली असतील, ती सगळी मिळूनही त्या दिवशीच्या माझ्याएवढी तुच्छ नसतील.

हिराजी कामावर परतला. सरांचा राजीनामा घेतला गेला. त्यांच्या टेबलावर मला बसवलं, "शिस्तीची बाई" म्हणून. मी पहिल्या दिवशी ती चार भोकांची ट्रे फोडून घरी नेली आणि बंबात घातली. हाही काही पराक्रम नव्हे. एसटीतली पुढची सीट रिकामी दिसायची, म्हणून मी मागे बसायला लागले.

त्यांना शेवटचं बघितलं ते बऱ्याच वर्षांनी, जोह्यात. सर गजाभाऊच्या कारखान्यात बसतात असं हिराजीने सांगितलं होतं. मी दोन वेळा वडखळपर्यंत जाऊन परत आले होते. तिसऱ्यांदा गेले. आषाढ होता, साचे पालथे घातलेले, आणि त्यांच्यात स्टुलावर सर. पार वाळलेले. घड्याळ अजून तळव्याच्या बाजूला, पट्टा सैल झालेला. उलटा हात साच्यावर.

एसटीत पाठ करून आलेलं मी बोलायला लागले, "सर, त्या दिवशी चौकशीत मी..."

बोट वर गेलं.

मी थांबले. प्रिन्सिपॉल थांबले होते तशी, दारात. बाहेर एक एसटी आली आणि गेली. मग त्यांनी नजर घड्याळावरच ठेवून मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून साच्यावर ठेवला.

"माझ्या हातातला आता गार-गरम गेलंय," ते म्हणाले. "तू सांग. कसा लागतंय गो?"

"कोमट," मी म्हटलं. कारखान्यातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हटलं.

"मग लिव."

भिंतीवर खडूने लिहिलेल्या वेळांची रांग होती, प्रत्येकीपुढे त्यांची बारीक सही. मी खडू घेतला, त्यांनी सांगितलेली वेळ लिहिली, पुढे "कोमट" लिहिलं, आणि सहीच्या जागी माझं नाव घातलं.